उलटी बॅटरी आणि जळालेले बोर्ड: आकृतीतच एक मॉस्फेट वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोकंट्रोलरवरचे (प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या संगणक-चिपवरचे) छोटे प्रयोग आता शाळेच्या प्रदर्शनापासून वृत्तपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांपर्यंत सगळीकडे दिसतात. आकृती नेटकी असते, प्रोग्रॅम दिलेला असतो, सुट्या भागांची यादी असते. वीजपुरवठ्याच्या जागी मात्र बॅटरीचे एक चिन्ह आणि खाली सूचना: ‘लाल वायर प्लसला, काळी मायनसला, काळजीपूर्वक जोडा.’ आमची तक्रार या ‘काळजीपूर्वक’ शब्दाबद्दल आहे. प्लस-मायनस उलटे लागले तर बोर्ड वाचवण्याचे काम माणसाच्या नजरेवर सोपवू नये. ते सर्किटने करावे, आणि सर्किट ते करते की नाही हे बोर्ड जोडण्याआधी पुरवठा मुद्दाम उलटा लावून पाहावे. यासाठी लागणारा भाग, म्हणजे मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचा असतो.

पुरवठा उलटा लागतो तो बहुतेक वेळा अज्ञानामुळे नव्हे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. तिचे लहान गोल टोक प्लस आणि मोठे फुलासारखे टोक मायनस असते. क्लिप उलटी बसत नाही हे खरे, पण अंदाजाने चाचपताना ती क्षणभर उलटी टेकते, आणि चिप जायला तेवढा क्षण पुरतो. लिथियम सेलच्या दोन पिनी जेएसटी कनेक्टरला खाच असते, त्यामुळे तो सॉकेटमध्ये एकाच दिशेने जातो. पण त्यातली लाल वायर डाव्या पिनवर की उजव्या, याचा सर्व उत्पादकांनी पाळलेला नियम नाही. एका विक्रेत्याचा सेल दुसऱ्याच्या बोर्डात अगदी व्यवस्थित, ‘टक्’ आवाज करून, उलटा बसतो. ५.५ बाय २.१ मिलिमीटरच्या गोल जॅकचे तेच. मायक्रोकंट्रोलर बोर्डांना मधली पिन प्लस लागते, तर गिटारच्या इफेक्ट पेडलचे ॲडॅप्टर बहुधा मधली पिन मायनस असलेले. ॲडॅप्टरच्या जोडवायरीवर पांढरी रेघ असली तर ती बहुधा प्लसची असते, पण ‘बहुधा’वर बोर्ड लावू नये. मीटर लावून पाहावे.

आता चिपच्या आत काय होते ते पाहू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. सीमॉस चिपचा पाया पी-प्रकारच्या सिलिकॉनचा असतो आणि तो ग्राउंडला (पुरवठ्याच्या मायनसला) जोडलेला असतो. त्यात कोरलेल्या एन-प्रकारच्या विहिरी पुरवठ्याच्या प्लसला जोडलेल्या असतात. म्हणजे ग्राउंडकडून प्लसकडे एक भलामोठा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जन्मजात तयार असतो. पुरवठा सुलटा असताना तो बंद असतो. उलटा लागला की तो चालू होतो, चिपवरचे व्होल्टेज ०.७ ते १ व्होल्टच्या आसपास अडकते, आणि करंट किती वाहायचा हे चिपच्या हातात राहत नाही, पुरवठा ठरवतो. एटीमेगा३२८पी या (अर्डुइनो उनो बोर्डावरच्या) चिपच्या डेटाशीटनुसार कोणत्याही पिनवर ग्राउंडच्या खाली ०.५ व्होल्टपेक्षा जास्त जायचे नाही, आणि पुरवठ्याच्या पिनांतून २०० मिलिअँपिअरच्या वर करंट जायचा नाही. संरक्षक सर्किट नसलेला लिथियम सेल काही अँपिअर सहज ओततो. आतल्या धातूच्या रेषा वितळतात आणि पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही.

‘माझा बोर्ड उलटा लागूनही वाचला’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांचा पुरवठा दुबळा होता किंवा बेंच सप्लायवर (टेबलावरच्या नियंत्रित पुरवठ्यावर) करंटची मर्यादा लावलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट उपयोगाची आहे, पुढे चाचणीत येईल.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र असा: ‘अर्डुइनो उनोला संरक्षण असतेच.’ असते, पण एकाच दारावर. उनो आर३ मध्ये गोल जॅकच्या लगेच पुढे एम७ हा डायोड आहे, म्हणजे १एन४००७ चा चपटा भाऊ. ‘व्हीआयएन’ लिहिलेली पिन त्या डायोडच्या पलीकडे, रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ठरावीक पातळीवर आणणाऱ्या भागाच्या) बाजूला जोडलेली आहे. तीच ९ व्होल्टची बॅटरी जॅकमधून उलटी दिली तर काही होत नाही. त्या पिनवर उलटी दिली तर रेग्युलेटर आणि त्याच्याजवळचा कॅपॅसिटर दोन्ही धोक्यात. ‘५ व्होल्ट’ पिनवर तर डायोडही नाही आणि रेग्युलेटरही नाही, सरळ चिपच. क्लासिक नॅनोवर जॅकच नाही, त्यामुळे तो डायोडही नाही. तिथे यूएसबीच्या वाटेत एक शॉटकी डायोड (साध्या डायोडपेक्षा कमी व्होल्टेज खाणारा) आहे खरा, पण तो बोर्डाकडून संगणकाकडे करंट उलटा जाऊ नये म्हणून. बॅटरीच्या बाजूशी त्याचा संबंध नाही. रास्पबेरी पाय पिकोवरही यूएसबीचे ‘व्हीबस’ आणि बोर्डाच्या मुख्य पुरवठ्याची ‘व्हीसिस’ या पिनांमध्ये शॉटकी आहे, पण ‘व्हीसिस’वर बाहेरून उलटी बॅटरी लावली तर ती थेट रेग्युलेटरला भिडते. बहुतेक ईएसपी३२ विकास-बोर्डांची रचना याच धाटणीची. आकृतीत बॅटरी कोणत्या पिनला जोडली आहे, यावर बोर्डाचे आयुष्य ठरते, आणि पुरवण्यांतल्या आकृत्यांत ती बहुतेक वेळा नेमकी असुरक्षित पिनला जोडलेली असते, कारण जॅकपेक्षा जंपर वायर काढणे सोपे.

उपायांपैकी सर्वांत जुना म्हणजे प्लसच्या वायरीत एक डायोड, पट्टीची बाजू बोर्डाकडे. साधा १एन४००७ चालतो, पण २०० मिलिअँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट खातो. शॉटकी १एन५८१९ (१ अँपिअर, ४० व्होल्ट) तेवढ्याच करंटला ०.३५ ते ०.४ व्होल्ट खातो. ७ ते १२ व्होल्ट ‘व्हीआयएन’वर द्यायचे असतील तर हा विषय इथेच संपला: १एन५८१९ लावा आणि पुढे जा. पुढे रेग्युलेटर आहे, त्याला अर्धा व्होल्ट कमी मिळाल्याने काही बिघडत नाही. मोठा करंट असेल तर १एन५८२२, तो ३ अँपिअरचा.

५ व्होल्ट थेट पिनवर देताना मात्र हा डायोड वेगळ्या ठिकाणी त्रास देतो. चिप बंद पडत नाही. एटीमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झवर ४.६ व्होल्टला व्यवस्थित चालते. चुकते ते मोजमाप. अर्डुइनोचे ॲनालॉग वाचन पुरवठ्याच्या व्होल्टेजलाच मोजपट्टी मानते. एलएम३५ हा तापमापक दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २५ अंशांना २५० मिलिव्होल्ट. पुरवठा ५ ऐवजी ४.६५ झाला की प्रत्येक पायरी ४.८८ ऐवजी ४.५४ मिलिव्होल्टची होते, वाचन ५५ येते, आणि ५ व्होल्ट गृहीत धरणारा प्रोग्रॅम २६.९ अंश दाखवतो. विद्यार्थी सेन्सर बदलत बसतो. हा घोटाळा टाळायचा तर एकतर ३.३ व्होल्ट पिन ‘एआरईएफ’ या संदर्भ-व्होल्टेजच्या पिनला जोडून प्रोग्रॅममध्ये बाह्य संदर्भ निवडावा, नाहीतर डायोड सोडून मॉस्फेटकडे जावे.

लिथियम सेलवर चालणाऱ्या सर्किटात तर पर्यायच उरत नाही. सेल ३.७ व्होल्टचा, त्यातून ३.३ काढायचे, म्हणजे हाताशी अवघे ०.४ व्होल्ट. एमसीपी१७०० सारखा कमी खाणारा रेग्युलेटर घेतला तरी शॉटकी ती सारी शिल्लक गिळून टाकतो. ईएसपी३२ ने वायफाय सुरू करताच करंट क्षणभर २०० मिलिअँपिअरच्या पुढे उसळतो, व्होल्टेज खचते आणि सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज घसरल्याचा) संदेश येऊन बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. त्यातच बोर्डावर एएमएस१११७ असेल, तर तो स्वतःच सुमारे १.१ व्होल्ट मागतो. अशा बोर्डाच्या ‘५ व्होल्ट’ पिनला ३.७ चा सेल जोडणे डायोडशिवायही चुकीचेच. दोष डायोडवर ढकलू नये.

जाता जाता चार एए सेलच्या जुन्या युक्तीबद्दल. ताजे चार अल्कलाइन सेल मिळून ६.४ व्होल्टपर्यंत देतात, चिपची कमाल मर्यादा ६. म्हणून मध्ये एक १एन४००७ घालायचा: उलटेपणापासून बचाव आणि व्होल्टेजही कमी. ऐकायला छान. पण चिप झोपेत गेली आणि करंट काही मायक्रोअँपिअरवर आला, की डायोडचा उतार (त्याने खाल्लेले व्होल्टेज) अर्ध्या व्होल्टच्याही खाली येतो आणि चिपवर पुन्हा ६ च्या आसपास व्होल्टेज चढते. डायोड म्हणजे रेग्युलेटर नव्हे. तीन सेल घ्या.

आता मुख्य शिफारस: पी-चॅनेल मॉस्फेट. त्याला ड्रेन, सोर्स आणि गेट असे तीन पाय असतात, आणि गेटवरचे व्होल्टेज बाकी दोघांमधली करंटची वाट उघडते किंवा बंद करते. जोडणी तीन वायरींची आहे. ड्रेन बॅटरीच्या प्लसकडे, सोर्स बोर्डाकडे, गेट ग्राउंडला. होय, ड्रेन बॅटरीकडे. नेहमीच्या स्विचिंग सर्किटात पी-चॅनेलचा सोर्स पुरवठ्याकडे असतो, त्यामुळे इथे हात आपोआप उलटी जोडणी करतो. या मॉस्फेटच्या पोटात ड्रेनकडून सोर्सकडे जाणारा एक डायोड असतो. बॅटरी सुलटी लागली की आधी तोच चालू होतो, सोर्स बॅटरीच्या ०.७ व्होल्ट खाली पोचतो, गेट ग्राउंडला असल्याने सोर्सपेक्षा चार-साडेचार व्होल्ट खाली पडतो आणि मॉस्फेट पूर्ण उघडतो. मग आतल्या डायोडला काही काम उरत नाही. एओ३४०१ए या मॉस्फेटचा उघडा रोध (वाट उघडी असतानाचा अडथळा) गेटला ४.५ व्होल्ट मिळाले तर ६० मिलिओहमच्या आत असतो. २०० मिलिअँपिअरला उतार १२ मिलिव्होल्ट. शॉटकीच्या ३५० शी तुलना करा. बॅटरी उलटी लागली तर गेट आणि सोर्स एकाच पातळीवर राहतात, मॉस्फेट बंद, आतला डायोडही उलटा, करंट शून्य.

भाग निवडताना दोन आकडे पाहा. पहिला, गेट-सोर्समध्ये किती व्होल्ट सोसतो. एसआय२३०१ फक्त ८ सोसतो, एओ३४०१ए १२. म्हणजे ५ व्होल्टला दोन्ही चालतील, ९ व्होल्टच्या बॅटरीला दुसराच. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला कोणताही गेटच्या संरक्षणाशिवाय लावू नये, कारण १२ व्होल्टचा जुन्या धाटणीचा ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॅप्टर लोड नसताना १५-१६ दाखवतो आणि चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी १४.४ पर्यंत जाते. तिथे गेट आणि सोर्समध्ये ९.१ व्होल्टचा झेनर डायोड, म्हणजे व्होल्टेज त्या पातळीवर अडवून धरणारा (१एन४७३९ए, पट्टी सोर्सकडे) आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम. बॅटरी वाचवायची असेल तर १०० किलोओहम. गेटला करंट लागत नाही, त्यामुळे फरक पडत नाही. दुसरा आकडा म्हणजे मॉस्फेट किती गेट व्होल्टेजला उघडतो. आयआरएफ९५४० मोठा, दणकट, ब्रेडबोर्डात सहज बसणारा, म्हणून अनेक जण तोच वापरतात. पण त्याचा उंबरठा २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो आणि रोधाचा आकडा १० व्होल्ट गेटला दिलेला असतो. ३.७ च्या सेलवर तो उघडेलच असे नाही. मग सगळा करंट आतल्या डायोडमधून जातो, ०.७ व्होल्ट पडतात, भाग तापतो, आणि ‘मॉस्फेट लावूनही फायदा नाही’ असा निष्कर्ष निघतो. लॉजिक-लेव्हल, म्हणजे कमी गेट व्होल्टेजला पूर्ण उघडणारा, भाग घ्या. एओ३४०१ए चपट्या एसओटी-२३ आवरणात येतो, तो ब्रेडबोर्डात बसवायला छोटी ॲडॅप्टर पट्टी लागते. एकटा पाय वर धरून वरून पाहिले तर तो ड्रेन, खाली डावीकडे गेट, उजवीकडे सोर्स.

लावण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा. गेट आणि सोर्स क्षणभर एकमेकांना टेकवा, म्हणजे गेटवर साठलेला भार निघून जाईल. मीटर डायोडवर, लाल टोक ड्रेनला, काळे सोर्सला: ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आकडा यायला हवा. टोके बदलली की काही येऊ नये. दोन्हीकडे आकडा आला तर मॉस्फेट फुटलेला आहे. बरोबर उलटे आले तर तुमच्या हातात एन-चॅनेल आहे किंवा पाय चुकले आहेत.

जागेबद्दलही एक चूक नेहमी दिसते. संरक्षण लावलेले असते, पण त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बसवलेला असतो. बोर्ड वाचतो आणि कॅपॅसिटर फुगतो. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकला उलटे व्होल्टेज एखाद्या व्होल्टपलीकडे चालत नाही. टँटलमला तर तेवढेही नाही, तो पेट घेतो. संरक्षणाच्या अलीकडे ठेवायचाच तर सिरॅमिक. आणि खुणांचा सापळा लक्षात ठेवा: ॲल्युमिनियम कॅपॅसिटरवरची पट्टी मायनसची असते, टँटलमवरची प्लसची. हा नियम कोणी ठरवला असेल तो ठरवो, त्याने अनेकांचे टेबल काळे केले आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र एवढे लांबले तो. मॉस्फेट म्हणजे डायोड नव्हे. उघडल्यावर तो करंट दोन्ही दिशांना जाऊ देतो. बॅटरी एकटीच पुरवठा करत असेल तर याने फरक पडत नाही. पण प्रयोग करताना प्रोग्रॅम भरण्यासाठी यूएसबी केबल लावलेलीच असते आणि बॅटरीही जोडलेली असते. बॅटरी ‘५ व्होल्ट’ किंवा ‘व्हीसिस’ पिनवर असेल तर यूएसबीचे पावणेपाच व्होल्ट उघड्या मॉस्फेटमधून मागे बॅटरीत शिरतात. कोणत्याही चार्जिंग नियंत्रणाशिवाय लिथियम सेलमध्ये ४.७ व्होल्ट घुसवणे धोक्याचे आहे. त्याहून वाईट म्हणजे यूएसबी लावलेली असताना बॅटरी उलटी जोडली जाते ती वेळ. यूएसबीमुळे सोर्सवर आधीच व्होल्टेज आहे, गेट ग्राउंडला आहे, म्हणजे मॉस्फेट आधीच उघडा आहे. नेमके ज्या क्षणी दार बंद हवे, त्या क्षणी ते सताड उघडे. यूएसबी आणि उलटी बॅटरी एकमेकांना भिडतात, बोर्डाचे व्होल्टेज खाली खेचले जाते, मॉस्फेट अर्धवट उघडा राहून तापतो आणि संगणकाच्या पोर्टवर भार पडतो. मॉस्फेटचे साधे सर्किट देणाऱ्या आकृत्यांत हा इशारा क्वचितच असतो.

यावर तीन तोडगे आहेत. आमच्या मते क्रम असा. यूएसबीसोबत वापरायचे आणि अर्धा व्होल्ट गेला तरी चालत असेल, तर शॉटकी; तो उलट्या बॅटरीलाही अडवतो आणि मागे जाणाऱ्या करंटलाही. व्होल्टेज वाया घालवायचे नसेल आणि बोर्डावर ‘व्हीबस’ पिन वेगळी काढलेली असेल (पिकोवर ती ४० क्रमांकाची, ‘व्हीसिस’ ३९), तर मॉस्फेटचा गेट ग्राउंडऐवजी ‘व्हीबस’ला जोडा आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम लावा. ड्रेन बॅटरीकडे, सोर्स ‘व्हीसिस’कडे. यूएसबी असली की गेट वर जातो, मॉस्फेट बंद. यूएसबी काढली की रोध गेटला खाली ओढतो, मॉस्फेट चालू. दोन स्रोत एकत्र आणण्यासाठी पिकोच्या डेटाशीटमध्ये डीएमजी२३०५यूएक्स हा मॉस्फेट घेऊन हीच रचना सुचवली आहे, आणि ड्रेन बॅटरीकडे असल्याने ती उलट्या बॅटरीपासूनही वाचवते. रोध मात्र विसरू नका. बोर्डावरच्या शॉटकीतून थोडी गळती ‘व्हीबस’कडे येते, तिला वाट मिळाली नाही तर गेट अधांतरी वर तरंगतो आणि मॉस्फेट अर्धवट उघडतो. तिसरा तोडगा तयार ‘आदर्श डायोड’ चिपचा. एलएम६६१०० ही १.५ ते ५.५ व्होल्ट आणि १.५ अँपिअरपर्यंत चालते. तिची ‘सीई’ पिन आउटपुटला जोडली की उलट ध्रुव आणि उलटा करंट दोन्ही अडतात. सोल्डर करायला बारीक आहे, नवशिक्यासाठी नव्हे.

उरलेल्या उपायांवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. फ्यूजच्या पुढे पुरवठ्याला समांतर उलटा डायोड लावायचा, म्हणजे बॅटरी उलटी लागली की डायोड शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो: सुलट्या वापरात डायोडचा उतार शून्य, म्हणून आकर्षक. पण पॉलिफ्यूज (थंड झाल्यावर पूर्ववत होणारा फ्यूज) तापून वाट तोडायला काही क्षण, कधी काही सेकंद घेतो, आणि तोवर चिपवर उणे ०.८ व्होल्ट टिकून असतात, ०.५ च्या मर्यादेबाहेर. करंट-मर्यादा असलेल्या सप्लायवर तर फ्यूज कधी उडतच नाही. चार डायोडांचा ब्रिज लावला तर बॅटरी कशीही लावा, चालते; बदल्यात दोन डायोडांचा उतार, आणि बोर्डाचे ग्राउंड बॅटरीच्या मायनसपासून वेगळे पडते. ग्राउंडच्या वाटेत एन-चॅनेल मॉस्फेट लावण्यातही हीच अडचण आहे: एओ३४००ए चा रोध पी-चॅनेलच्या निम्मा असतो, पण यूएसबीची केबल किंवा दुसऱ्या पुरवठ्यावरचा सेन्सर ग्राउंडला दुसऱ्या वाटेने जोडला गेला की करंट संरक्षणाला वळसा घालून जातो. आणि कृपया २एन७००० सुचवू नका. त्याचा उघडा रोध काही ओहमांचा आहे.

आता चाचणी, जी एकाही पुरवणीत आम्हाला दिसलेली नाही. बोर्ड बाजूला ठेवा. संरक्षण सर्किटाच्या आउटपुटला १०० ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. ५ व्होल्टला त्यातून ५० मिलिअँपिअर जातात. पुरवठा सुलटा द्या आणि रेझिस्टरवर मोजा. मॉस्फेट असेल तर इनपुट आणि आउटपुटमध्ये काही मिलिव्होल्टचाच फरक हवा. ०.५ ते ०.७ व्होल्ट कमी आले तर मॉस्फेट उघडलेला नाही. गेटची वायर सुटली आहे किंवा उंबरठा जास्त आहे. मग पुरवठा उलटा लावा. शून्य दिसायला हवे. उणे ४.३ च्या आसपास दिसले तर ड्रेन आणि सोर्स आलटून लागले आहेत. ही चूक सुलट्या चाचणीत कधीच कळत नाही, तिथे व्होल्टेज अगदी पूर्ण येते. म्हणूनच मुद्दाम उलटे लावून पाहण्याचा आग्रह. रेझिस्टर काढून मोजू नका: शॉटकीतून काही मायक्रोअँपिअर गळतात, मीटरचा रोध १० मेगाओहम असतो, आणि लोड नसताना मीटर जवळजवळ पूर्ण उलटे व्होल्टेज दाखवून घाबरवतो. लोड लावला की तोच आकडा काही मिलिव्होल्टवर येतो.

पहिल्यांदा चिप जोडताना बेंच सप्लाय असेल तर मर्यादा १०० मिलिअँपिअरवर ठेवा. नसेल आणि नुसती एटीमेगा चिप ब्रेडबोर्डवर असेल, तर प्लसच्या वायरीत ४७ ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घाला. सगळे उलटे लागले तरी करंट ९० मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो. चिप सुलटी चालली की रेझिस्टर काढा.

कनेक्टरच्या बाबतीत एक स्वस्त युक्ती: दोन पिनांऐवजी तीन पिनांचा हेडर घ्या, मध्ये प्लस, दोन्ही कडांना ग्राउंड. कसाही फिरवून लावा, जोडणी तीच. सर्वो मोटरचा प्लग उलटा लागूनही बहुधा वाचतो तो याचमुळे, त्याचा प्लस मध्ये असतो. उलटे लागले हे कळावे म्हणून इनपुटवर उलटा एलईडीही लावता येतो: ॲनोड ग्राउंडकडे, कॅथोड १ किलोओहममधून प्लसकडे. बॅटरी उलटी लागली तरच तो पेटतो. एलईडीला उलटे ५ व्होल्टपेक्षा जास्त सहसा चालत नाहीत, म्हणून ९ किंवा १२ व्होल्टला त्याच्या ओळीत त्याच दिशेने एक १एन४१४८ घाला.

यातले काहीही इनपुटच्या पुढे झालेल्या चुकीपासून वाचवत नाही. ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले बाजारात दोन प्रकारचे आहेत, एकात पहिली पिन ग्राउंड आणि दुसरी व्हीसीसी (प्लस), दुसऱ्यात नेमके उलटे, दिसायला जुळे. आकृती पाहून नव्हे, मॉड्यूलवर छापलेली अक्षरे वाचून जोडावे. टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूलवरही असेच: त्यावरची डीडब्ल्यू०१ चिप सेल जास्त रिकामा होण्यापासून आणि जादा करंटपासून वाचवते, पण सेल उलटा लावला तर चार्जिंग चिप धूर सोडते. सेलच्या होल्डरमधली स्प्रिंग मायनसची, हे लक्षात ठेवा आणि सेल बसवण्याआधी मीटर लावा.

एकदा उलटा लागलेला बोर्ड चालू दिसला तरी त्याला लगेच निर्दोष ठरवू नये. पुरवठा काढा, ‘५ व्होल्ट’ आणि ग्राउंडमधला रोध मोजा. काही ओहम आला तर काहीतरी शॉर्ट आहे. मग मर्यादा लावलेल्या सप्लायवर पाच मिनिटे चालवून कोणता भाग तापतो ते बोटाने पाहा. रिकामा उनो सुमारे ५० मिलिअँपिअर घेतो. तो १०० च्या पुढे गेला तर चिप आतून गळते आहे. उलटे व्होल्टेज सोसलेला इलेक्ट्रोलिटिक चांगला दिसला तरी बदलावा. प्रत्येक पिन इनपुट करून, पुल-अप चालू ठेवून, तिच्यावरचे व्होल्टेज मोजा. पुरवठ्याइतके येत नसेल ती पिन गेलेली समजा.

आपल्या पुरवणीतील पुढच्या आकृतीत बॅटरीच्या चिन्हानंतर, कोणत्याही कॅपॅसिटरच्या आधी, एक पी-चॅनेल मॉस्फेट दाखवावा, त्याच्या ड्रेनवर ‘बॅटरीकडे’ असे ठळक लिहावे आणि शेजारी दोन ओळींत १०० ओहमची चाचणी द्यावी. प्रयोगात यूएसबीही लागणार असेल तर त्या जागी १एन५८१९.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे काही वाचक